कॉफीहाऊसमधली गर्दी

तोंडवलीच्या किनाऱ्यावर रोशेलने काढलेल्या कॉफीहाऊसमध्ये त्या सकाळी टेबले सहा, खुर्च्या चोवीस, कॉफीचे यंत्र एक आणि गिऱ्हाईक शून्य होते. अकरा वाजता पुण्याच्या एका सहल कंपनीच्या दीपिका मॅडम येणार होत्या. गावचे लोक गप्पा मारत बसलेले असतील, असे ठिकाण त्यांना हवे होते. पसंत पडले तर दर आठवड्याला बस थांबणार. नाही तर यंत्र विकून रोशेल पुन्हा पणजीत नोकरी शोधणार.

म्हणून तिने शेजारच्या आग्नेल अंकलना वाडीभर फिरवले आणि फुकट कॉफीच्या बोलीवर त्यांच्यासकट चौदा माणसे आणून बसवली.

"ह्या काय, औषध?" दाजींनी इवलासा कप नाकाशी नेला. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले दाजी कशावरही रागावू शकत.

"दाजी, एक तास बसा फक्त. हसान बोला."

"हसूक कारण व्हया."

रोशेलने उरलेले कप भरले. तेवढ्यात वाळूवरून कुकारा ऐकू आला. रापण लागली होती. समुद्रात लांबवर टाकलेल्या जाळ्याचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे आणि दोराला हात लावील त्याने मासळीचा वाटा न्यायचा, हा इथला रिवाज. चौदा खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

"खंय चललात? अंकल, तुमी तरी बसा."

"कसो बसू गो?" आग्नेल अंकल पँट दुमडत म्हणाले. "सगळी माणसा तूच हयसर बसवलंस. मगे दोर कोण ओढतलो?"

दीपिका मॅडम आल्या तेव्हा टेबलांवर चौदा वाफाळते कप होते.

"इथे कोणी बसत नाही का?"

"बसतात. पळूनही जातात," रोशेल म्हणाली. "थांबा, एकेकाला आणते."

ती तणतणत वाळूत उतरली. दाजी दोराला लोंबकळत होते.

"दाजी, ह्या बरा न्हय. माझ्या पोटावर पाय दितास तुमी."

"बडबडा नको. धर ह्यो दोर."

तिने धरला. जाळे मागे जाते म्हणून हातातला दोर मध्येच सोडत नाहीत. त्यामुळे रोशेल ओढत राहिली आणि ओढता ओढता अंकलना, दाजींना आणि उरलेल्या बाराजणांना नावे घेऊन बोलत राहिली. थोड्या वेळाने दोर हलका वाटला. तिने मागे पाहिले. सँडल काढून, टाचा वाळूत रोवून दीपिका मॅडम ओढत होत्या.

"मॅडम, तुमची कॉफी..."

"नंतर. आता सोडू नका."

वाटे पडले तेव्हा दाजींनी दोघींच्या पुढ्यात सारखेच बांगडे टाकले. "औषधापेक्षा बरो मा गो?" त्यांनी विचारले.

संध्याकाळी सहलीचा कार्यक्रम रोशेलच्या फोनवर आला. थांबा तोंडवली, दर शनिवारी. रापण ओढणे: पन्नास मिनिटे. कॉफी: पाच मिनिटे.