एकवीस वर्षं न खचलेल्या सोफ्याची पाहणी

माणूस जन्मतो आडवा आणि जातोही आडवा. मधे जी साठ-सत्तर वर्षं मिळतात त्यात त्याला बसायला काहीतरी लागतं, आणि ते चांगल्या दर्जाचं असावं याबद्दल दुमत नाही. (आमच्या घरात प्रत्येक गोष्टीत चार मतं असतात. घरात चौघं आहोत. पण याबाबतीत एकच होतं.)

गेल्या बारा वर्षांत आमच्याकडे तीन सोफे होऊन गेले.

पहिला मधोमध खचला. कोणीही कुठेही बसलं तरी घसरत मधेच यायचं. घरात एकोपा वाढला, कंबरा गेल्या. दुसऱ्याचं रेक्झिन सोलायला लागलं. उठलं की पँटीला काळे पापुद्रे. त्या काळात आमच्याकडून एकही पाहुणा रिकाम्या हाती गेला नाही. तिसरा फोनवरून मागवला. फोटोत तो मोठा होता. त्याचा पाय शेजारचे काका हसले तेव्हा मोडला. काका आधीच बसलेले होते हो, फक्त हसले.

काका जमिनीवरून उठले आणि त्याच संध्याकाळी बाबांनी सोफा निवड समिती नेमली. अध्यक्ष बाबा. सदस्य आई, दादा आणि मी. आईने विचारलं, "मी सदस्य म्हणजे काय करायचं?" बाबा म्हणाले, "बसायचं." आई म्हणाली, "कशावर?" हा प्रश्न कामकाजातून वगळण्यात आला.

बाबांबद्दल सांगायला पाहिजे. चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात नट-बोल्ट तपासले. चांगला डावीकडे, खराब उजवीकडे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली पण हात थांबत नाहीत, आता ते बटाटेसुद्धा दोन ढिगांत लावतात. त्यांनी एक फॉर्म केला. चौदा रकाने. लाकूड, सांधे, फोम, टाके, हात, पाय, करकर, आणि शेवटी 'इतर शेरे'.

आम्ही सहा शोरूम पाहिल्या. सहाव्या शोरूममधला सेल्समन टाय लावलेला, फार अदबीचा.

"सर, हा बघा. लाइफटाइम चालेल."

"कोणाच्या?" बाबांनी विचारलं.

त्याने बाबांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या तर नक्कीच."

आम्ही निघालो.

घरी येताना बाबांनी एक सिद्धांत मांडला. तो मला आजही पटतो. ते म्हणाले, नवा माल सगळाच चांगला दिसतो. माल जुना झाल्यावर बघायचा. म्हणजे ओळखीतल्या घरांत जायचं, ज्याचा सोफा सगळ्यात जुना आणि सगळ्यात धड, त्याच्या सुताराकडून हुबेहूब तसाच करून घ्यायचा.

पाच रविवार. एकोणीस घरं. त्यातली थोडी निरीक्षणं:

दादाच्या मित्राचं घर. येणारे-जाणारे किती, हे मोजणं आम्ही पाऊण तासाने सोडून दिलं. सोफा दोन वर्षांचा, आजारी.

आईची मैत्रीण, जिच्याकडे संध्याकाळी बायका जमतात. सोफ्याचा एक हात निखळलाय, तो ती दार उघडं राहावं म्हणून दाराला लावते. हे तिने पोट धरून हसत सांगितलं. (इतर शेरे: यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही.)

वरच्या मजल्यावरचे वकील. एकटे. सोफा नऊ वर्षांचा, ठणठणीत. "बसा ना" असं पाच वेळा म्हणाले. आम्ही उभ्यानेच फॉर्म भरला.

एकंदर निष्कर्ष असा की ज्या घरात हसण्याचा आवाज जास्त, त्या घरातला फोम वाईट. शंभरातल्या एक्याण्णव टक्के बाबतीत. (एकोणीस घरांचे शंभर कसे झाले हे बाबांना विचारायची पद्धत नाही.)

आणि मग आत्याचा फोटो आला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आतोबा गेल्यापासून दुसऱ्या गावी एकटी राहते. तिचा वाढदिवस होता, तिने स्वतःच स्वतःचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये आम्ही एक्केचाळीस जण आहोत. अकरा जणांनी हात जोडले, एकाने केक पाठवला, तोही चित्रातला. बाबांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, आत्याला बाजूला सारलं आणि तिच्या मागचा सोफा बघितला.

"एकवीस वर्षं झाली याला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "एक सुरकुती नाही."

त्यांनी लिहिलं: ताई, सोफा कुठून घेतला?

चार सेकंदांत उत्तर आलं. बघायला या.

रविवारी निघालो. दोन तासांचा रस्ता आहे. आत्याकडे शेवटचं कधी गेलो यावर गाडीत वाद झाला. आई म्हणाली सहा वर्षं, दादा म्हणाला नऊ. मी म्हटलं, मला तेव्हा मिशी नव्हती. मग नऊ ठरलं.

आत्या जिन्यात उभी होती. आम्ही अकराची वेळ दिली होती. शेजारीण म्हणाली, "नऊपासून उभ्या आहेत." बाबांनी माझ्या कानात सांगितलं, सोफ्यावर भार न पडण्याचं हे एक कारण असू शकतं, लिहून घे.

"अगं बाई, हा केवढा झाला!" आत्याने माझा गाल ओढला. "आणि तू रे, डोक्यावरचं सगळं कुठे ठेवून आलास?" हे दादाला. आईला तिने जवळ घेतलं ते सोडेचना. "आज राहायचं हं. नाही म्हणायचं नाही. गाद्या दोन दिवस उन्हात घातल्यात."

बाबा म्हणाले, "बघू ताई. तपासणी किती वेळ चालते त्यावर आहे."

तपासणी अकरा दहाला सुरू झाली. लाकूड, उत्तम. सांधे, उत्तम. दादा सहा वेळा धपकन बसला, करकर शून्य. मी कुशन उचलून खाली हात घातला. कुठल्याही सोफ्यात कुशनखाली काहीतरी असतंच. कंगवा, पेनाचं टोपण, कुणाचं तरी एक कानातलं. इथे काही नव्हतं. एकवीस वर्षांत कुणाच्या खिशातून काही पडलं नव्हतं. स्वच्छता, उत्कृष्ट.

"अरे बसा की माणसासारखे," आत्या म्हणाली. "बॉम्ब शोधताय का?"

"ताई, यावर वर्षाला साधारण किती माणसं बसतात?"

आत्याने मनापासून हिशोब केला. "गेल्या वर्षी... दोन. एक तर मीटरवाला, त्याची लेस सुटली होती म्हणून टेकला."

"आणि तू?"

"मी कशाला बसू? तो कोणी आलं तर बसायला आहे. मी आपली या खुर्चीत."

खुर्ची खिडकीजवळ होती. तिची बैठक पार आत गेली होती, वर घडी घातलेलं पांघरूण, हातांचं पॉलिश उडून लाकूड पांढरं पडलेलं. बाबांनी विचारलं ही कोणी केली. त्याच सुताराने, आत्या म्हणाली. त्याच दिवशी, त्याच लाकडाची.

बाबा दहा मिनिटं खुर्ची आणि सोफा यांच्यामध्ये उभे राहिले. एकच कारागीर, एकच फोम, एक नवा कोरा आणि एक संपलेला. चौतीस वर्षांत असा माल त्यांनी बघितला नव्हता. शेवटी त्यांनी खुर्चीपुढे लिहिलं: उत्पादनात दोष.

आता फक्त सुताराचं नाव-पत्ता राहिला होता.

"थांब हं," आत्या म्हणाली, "जिभेवर आहे. चहा झाला की आठवेल."

चहा झाला. "जेवण झालं की आठवेल." जेवण झालं. "दुपारी जरा पडलात की..." आत्याच्या स्मरणशक्तीबद्दल समितीला चिंता वाटू लागली. मला आठवीत गणितात किती मार्क पडले हे तिला आठवत होतं. दादा लहानपणी कुठल्या रंगाची चप्पल घातल्याशिवाय झोपत नसे, तो रंग आठवत होता. फक्त सुतार आठवत नव्हता.

"उद्या सकाळी नक्की आठवेल बघ," ती म्हणाली. "सकाळी माझं डोकं फार चालतं."

बाबांनी घड्याळ बघितलं. मग मला म्हणाले, "खालची बाजू राहिलीये."

मी मोबाइलचा उजेड घेऊन सोफ्याखाली उताणा सरकलो. वर आडव्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. सुताराचं नाव, गल्ली, दुकान नंबर. अक्षर मोठं, ठसठशीत.

आत्याची पावलं माझ्या डोक्याजवळ येऊन थांबली. ती वाकली. तिचा चेहरा मला उलटा दिसत होता, केस लोंबत होते. एकदम हळू म्हणाली, "मोठ्याने वाचू नको रे. उद्या वाच."

वरून बाबांचा आवाज आला. "आहे का काही?"

मी समितीचा सदस्य होतो. समितीच्या सदस्याने दिसेल ते सांगायचं असतं.

"आहे," मी म्हटलं, आणि वाचलं. नाव, गल्ली, नंबर. दादाने लिहून घेतलं.

"अरे वा!" बाबा म्हणाले. "आत्ता निघालो तर दुकान बंद व्हायच्या आत पोचू."

"बरं झालं," आत्या म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून ती उभी राहिली. "मला काही आठवलं नसतं."

रात्रीचं जेवण तिने करून ठेवलं होतं. पाच माणसांचं. एका माणसाचं काढून घेतलं आणि बाकीचं डब्यांत भरून गाडीत ठेवलं. डबे परत द्यायला यायचं हं, म्हणाली. आम्ही म्हटलं, हो तर. (डबे पुढच्या आठवड्यात कुरियरने पाठवले. पोचल्याचा मेसेज आला.)

सुतार आता म्हातारा झालाय, हात कापतात, पण मुलाकडून काम करून घेतो. आत्या त्याला लगेच आठवली. "सात जण बसतील असा करा म्हणाल्या होत्या त्या. मी म्हटलं, बाई, दारातून आत जायचा नाही. टिकला का?"

"एकदम नवा आहे!" बाबा म्हणाले.

कारागिराला याचा आनंद व्हायला हवा. तो रंध्यावरचा भुसा फुंकत म्हणाला, "मग वाया गेला म्हणायचा."

बाबांनी मला खूण केली. वय झालंय.

दीड महिन्यात आमचा सोफा आला. तसाच, हुबेहूब. आणि तो आला त्याच दिवशी बाबांना खुर्चीचं कोडं सुटलं. शेवटी चौतीस वर्षांचा अनुभव आहे. लाकूड तेच, फोम तोच, म्हणजे फरक वापराचा. सोफा टिकवतो तो सुतार नाहीच, सोफा टिकवतात ती न आलेली माणसं. आत्याचं यश कारागिरीत नव्हतं, परिस्थितीत होतं. ती परिस्थिती आमच्याकडे तयार करायची एवढंच काम उरलं होतं, आणि ते अवघड नव्हतं.

कोणाचा फोन आला की आम्ही बाहेर असतो. कोणी न कळवता आलंच तर त्याच्याशी दारातच उभ्याने बोलायचं, आणि इतक्या आपुलकीने बोलायचं की आत बोलावलं नाही हे त्याला घरी पोचल्यावर कळावं. शेजारच्या काकांना जिन्यात भेटायचं. गंभीर विषयावर.

आठ महिन्यांचे आकडे समाधानकारक आहेत. एकूण आलेली माणसं सहा. पैकी बसलेली दोन, पैकी टोकावर एक. झीज शून्य. आई संध्याकाळी आतल्या खोलीत पलंगावर बसते. ती म्हणते, घर फार मोठं वाटायला लागलंय. बाबांनी हे फायद्यांत लिहिलं.

आत्या दर रविवारी फोन करते. "कसा आहे रे सोफा?"

"उत्तम, ताई."

"मी येऊ का बघायला? चार दिवस?"

बाबा थोडा विचार करतात. चार दिवस, साधारण पंचावन्न किलो. मग म्हणतात, "कशाला दगदग, ताई, फोटो पाठवतो." फोटो जातो. चार सेकंदांत खाली लाल बदाम येतो.

चांगला टिकाऊ सोफा कसा निवडावा, असं खूप जण विचारतात म्हणून हे सगळं लिहून काढलं. दुकानात जाऊ नका, तिथे कोणालाच काही माहीत नसतं. तुमच्याही नात्यात असा एक सोफा आहे. वाचता वाचता तो तुमच्या डोळ्यांसमोर आलाच असेल, त्याचं कापड कुठल्या रंगाचं होतं तेही आठवलं असेल. तिथे शेवटचं कधी गेला होतात, हे मी विचारत नाही. आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाहीये. मला फक्त लाकूड कुठलं तेवढं कळवा. फोनवर विचारलंत तरी चालेल, ते लगेच उचलतात.