हिराजीकाकांचं वाकणं

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत हिराजीकाका कुठेही, कधीही वाकतात. नमस्कारासाठी नव्हे. बोलता बोलता कमरेत वाकायचं, मान तिरकी करायची, एक डोळा मिटायचा आणि समोरच्या वस्तूकडे गुडघ्याच्या उंचीवरून बघायचं. नवा वॉचमन आला की पहिला आठवडाभर विचारत राहतो, "काका, कुछ गिरा क्या?"

काका मूळचे इथलेच. खाडीकाठच्या मिठागरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मीठ धरलं की नाही ते कसं ओळखायचं, हे ते न विचारता कुणालाही सांगतात. "उभ्यानं पानीच दिसतं रं. वाकून, उन्हाच्या समोर बगायचं. मंग मीठ दिसतं." जगातली कुठलीही अडचण म्हणजे त्यांच्या लेखी न वाकता पाहिलेलं मिठागर!

हसायचीही सोय नाही, कारण म्हातारा बरोबर निघतो. पार्किंगमध्ये पाणी साचायचं, तेव्हा तीन प्लंबरांनी मिळून वरचं छत फोडलं. काकांनी वाकून फरशीचा उतार दाखवला. पाणी शेजारच्या गटारातून येत होतं. नातीसाठी स्थळ बघायला गेले, तर बाकीची मंडळी आत मुलाचं पॅकेज विचारत होती आणि काका दाराबाहेर त्याच्या बुटांचे तळ तपासत होते. "टाचा झिजल्यात. चालनारा पोरगा हाय. हो बोला!" पोरगी सुखात आहे.

गेल्या वर्षी माझी ऐरोलीची नोकरी गेली. घरी सांगायची हिंमत झाली नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि जुईनगरच्या एका बागेत जाऊन बसायचो. तसल्याच पदाला, तेवढ्याच पगाराला अर्ज करायचे, नकार वाचायचे, बायकोने भरलेला डबा खायचा आणि सहाला घरी. दोन महिने असे गेले. पुढे जाता येईना आणि घरी तोंड उघडवेना.

एका सकाळी मान खाली घालून बसलो होतो, तर माझ्या तोंडाखाली एक तोंड आलं. काका!

"मान खाली घातलेल्याचं तोंड खालनंच दिसतं," ते म्हणाले. "चल घरी."

मला वाटलं, आता बायकोसमोर नेऊन उभं करणार. पण त्यांनी नेलं ते स्वतःच्या घरी, थेट आतल्या खोलीत. काकी आजारी असतात, एवढंच सोसायटीला ठाऊक होतं.

मी दारातच थबकलो. भिंतीवरचं घड्याळ जमिनीपासून दोन फुटांवर, आणि आडवं. कॅलेंडर आडवं. नातीच्या लग्नाचा फोटो आडवा, टीव्ही एका कडेवर उभा, गणपतीसुद्धा आडवा. समोर पलंगावर काकी उजव्या कुशीवर निजलेल्या. अर्धांगवायू होऊन सहा वर्षं झाली होती.

"डाक्टर बोलला, आता काय इलाज नाय. लय दिस मी इथं नुस्ता उभा रायलो," काका म्हणाले. "मंग हिच्या बाजूला आडवा झालो. तवा समजलं, हिला सगलं घर वाकडं दिसतं."

त्यांनी चटई टाकली. मी उजव्या कुशीवर झालो आणि सगळी खोली सरळ झाली. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. नात हसत होती. एका माणसाने एका माणसासाठी अख्खं घर फिरवून ठेवलं होतं, आणि त्याला आम्ही विक्षिप्त म्हणत होतो.

"माझी नोकरी गेली, काकी," मी म्हणालो. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होतो. "घरी माहीत नाही."

काकी अर्ध्या ओठांनी काहीतरी पुटपुटल्या. मला एक अक्षर कळलं नाही. काका गुडघ्यांवर बसले, त्यांच्या तोंडाशी कान नेला, आणि हसले.

"ती बोलते की तिचं बोलनं मना समजायला वरीस लागलं. तुज्याकडं अख्खं तोंड हाय."

ते चहा टाकायला गेले. मी चटईवरूनच, आडव्याने, बायकोला फोन लावला.