तात्यांची पोटरी

निमगाव केतकीत आमच्या शेजारी सोपानतात्यांकडे गेलात, तर पाण्याचा तांब्या यायच्या आधी तात्यांची पोटरी पुढे येते. धोतर गुडघ्यापर्यंत ओढून ते म्हणतात, "दाबा." दाबल्याशिवाय चहा नाही. पोस्टमनने दाबली, सोसायटीच्या चेअरमनने दाबली. मी तर रोज दाबतो.

याला कारण कोलेस्टेरॉल. बारामतीच्या डॉक्टरांनी तात्या आणि शेवंताकाकू, दोघांचंही रक्त तपासून रोज एक गोळी लिहून दिली. "क्वचित कुणाचे स्नायू दुखतात. तसं झालं तर मनानं गोळी बंद करू नका, मला सांगा," असं ते म्हणाले. त्यातलं 'स्नायू दुखतात' एवढंच तात्यांनी घरी आणलं.

तेव्हापासून सगळं गोळीमुळे व्हायला लागलं. उचकी गोळीने. म्हशीने लाथ मारली, तीही गोळीने. "एरवी चुकवली असती, मास्तर. पाय जड पडलाय." एकदा दिवसभर डाळिंबाचे क्रेट उचलले आणि संध्याकाळी दंड धरून बसले. मी म्हटलं, "तात्या, क्रेट उचलले की माझेही दंड दुखतात, आणि मी कुठलीच गोळी घेत नाही." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघितलं.

एवढी कुरकुर करूनही पठ्ठ्याने एकही गोळी चुकवली नाही.

पुन्हा तपासणीला मीही सोबत गेलो. तात्यांचं कोलेस्टेरॉल चांगलं उतरलं होतं. काकूंचं मात्र जिथल्या तिथे.

"काकू, गोळी घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे म्हणालं, तुजी पुढल्या म्हयन्यात सुरू करायचीया."

तात्यांनी बंडीच्या खिशातून काकूंचं न फोडलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"नवं औषध आलं की आमी सगळ्या बागंवर मारत न्हाय, डॉक्टर. आधी कडंच्या ओळीवर मारतो. पानं करपली न्हाईत, की मग बाकीच्या झाडांवर. म्हणलं, आधी मी घेतो. माझी पोटरी धड राह्यली, तर हिला देऊ."

डॉक्टर चिडले. "अहो, माणसं म्हणजे डाळिंबाची बाग नव्हे! तुमच्या अंगाला मानवली म्हणून यांना मानवेलच असं नाही, आणि तुम्हाला सोसली नसती तरी यांना सोसली असती. एवढे दिवस यांचं हृदय कुणाच्या भरवशावर होतं?"

तात्यांची मान खाली गेली. "पोरं पुण्याला. घरात आमी दोघंच," ते पुटपुटले. "हिचं पाय गेलं असतं तर मी काय केलं असतं?"

काकूंनी पाकीट उचलून पिशवीत टाकलं. "पाय माझं हाईत. दुखलं तर मीच डॉक्टरास्नी सांगीन. आज रातीपासनं घेती."

तात्यांची ही घोडचूकच होती. तरीही खरं सांगतो, असा शेजारी मला लाभला याचा तिथे बसल्या बसल्या अभिमान वाटला.

बाहेर पडल्यावर काकू रागाने तरातरा स्टँडकडे निघाल्या. तात्या मुद्दाम मागे रेंगाळले.

"पाय दुखतोय का?" मी विचारलं.

"न्हाय वो. हिची चाल बघतोय." माझा दंड धरून त्यांनी मलाही थांबवलं. "लगीन होऊन आली तवा अशीच चालायची. बघा की मास्तर, कशी चालतीया!"