आवळ, धर, सोड!

पोटात गुपित ठेवावं तर मीच! आमच्या ह्यांचं टक्कल लग्नाआधीपासून आहे, हे मी अख्ख्या माहेराला सहा वर्षं कळू दिलं नव्हतं. टोपीसुद्धा मीच विणली होती! तेव्हा हे एवढंसं गुपित म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं.

गुपित असं, की माझं अंग खाली आलं होतं. बायकांना सांगायला नको. बाप्यांनी इतकंच समजावं, की चार बाळंतपणं झाली, सत्तरी आली आणि आतला एक भाडेकरू खालच्या मजल्यावर उतरायला लागला.

त्यातच त्या आठवड्याच्या सुरुवातीला मी एक घोळ घालून बसले होते. आमच्या ज्येष्ठांच्या व्यायामवर्गात खालच्या मजल्यावरच्या जाऊबाई म्हणाल्या, "आता काय बाई, गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या!" मी सर्वांसमोर ठोकून दिलं, "माझे नाहीत! रविवारी दोरीवरच्या पन्नास उड्या मारून दाखवते!"

टाळ्या पडल्या. फळ्यावर नाव लागलं. आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, "आजी, उड्या बंद. जड उचलणं बंद. रोज चालायचं आणि खालचे स्नायू आवळायचे."

"ते कसे?"

"चारचौघांत वारा अडवतो ना आपण, तसे. आवळायचं, वर ओढायचं, दहा आकडे धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं. श्वास मात्र कोंडायचा नाही! कोंडला जात असेल तर मोठ्यानं मोजा."

म्हणून मी मोठ्यानं मोजत होते हो! बुधवारी सकाळी, खोलीचं दार लोटून, पाठीवर पडून. फळ्यावरचं नाव कोणत्या तोंडानं पुसू, या विचारात.

त्याच वेळी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटात आमचे हे डोकं घालून पडलेले. हातात पाना. पाइपाचा नट थेंब थेंब गळत होता. प्लंबरला बोलवा म्हटलं की ह्यांचा अपमान होतो.

मी म्हटलं, "आवळ!"

ह्यांनी आवळला.

"अजून! वर ओढ! धर... एक, दोन, तीन..."

ह्यांनी धरून ठेवला. पुढे ते सुनेला सांगत होते, "पंचेचाळीस वर्षांत ही कधी मला एकेरीत बोलली नाही. म्हटलं, आज प्रकरण गंभीर आहे. मुकाट्यानं ऐकावं!"

"...नऊ, दहा! आता सोड. हळूहळू सोड. पूर्ण सोड!"

ह्यांनी पूर्ण सोडला.

बायांनो, अग्निशमन दलाकडेही असला फवारा नसेल! ह्यांची कवळी एका कपाटाखाली, चष्मा दुसऱ्याखाली, आणि हे मधोमध उलट्या कासवासारखे! मी उठून स्वयंपाकघरात येते तोच सून पळत आली, पाणी बंद करायला जिन्यात धावली आणि जाता जाता ओरडली, "आई, ती सिंकखालची भरलेली बादली उचला!"

"नाही उचलणार!"

"अहो, ही काय रुसायची वेळ आहे?"

तेवढ्यात जाऊबाई हजर. केस ओले, हातात पातेलं. "माझ्या ओट्यावर धबधबा कोसळतोय! आणि तू बादलीपुढे हात बांधून उभी? पन्नास उड्या मारणारीला बादली उचलवेना?"

झालं! माझी गुपिताची पिशवी उसवली.

"नाही उचलवत! उड्याही मारवत नाहीत! माझं अंग खाली आलंय!"

सिंकखालून हे ओरडले, "अंगात आलंय? तरीच म्हटलं, एकेरीवर कशी आली!"

"तुम्ही गप्प बसा!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग मी जाऊबाईंना म्हटलं, "एवढी घाई असेल तर तुम्ही उचला ना."

त्या बादलीकडे बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "मी कशी उचलू गं? माझंही तेच आहे. सहा वर्षं झाली."

"आणि गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत. काहीतरी सांगावं लागतं ना!"

सहा वर्षं! आणि मी स्वतःला गुपिताची तिजोरी समजत होते! ती बादली मधे ठेवून आम्ही दोघी अशा हसलो, की हसताना जे व्हायचं तेही थोडं झालं. एवीतेवी सगळंच ओलं होतं, कुणाला काय कळणार!

बादली सुनेनं उचलली. प्लंबर आला. कपाटात वाकून म्हणाला, "जुनं झालं की सैल पडतंच. पण एकदम जोर लावायचा नाही. बेतानं आवळायचं."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. "ह्याची आणि त्या ताईंची ओळख असेल का हो?"

रविवारी मी फळ्यावरचं नाव पुसलं नाही. फक्त "उड्या" खोडून "आवळणे" लिहिलं आणि खाली जाऊबाईंचं नाव घातलं. सर्वांसमोर दोघी खुर्च्यांवर बसलो, ताठ, डोळ्याला डोळा भिडवून. हे पंच. मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं, त्यातही ह्यांचा आकडा दोनदा चुकला. वर्गातली मंडळी मान लांब करकरून बघत होती, पण दिसणार काय, कपाळ? शेवटी मागून एक आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, सुरू कधी करणार?"

मीच जिंकले. अगदी निर्विवाद!

जाऊबाई म्हणतात, त्या जिंकल्या. पण त्यांच्याकडे पुरावा कुठाय?