कॅन्सल झालं!

तंबू ठोकायचा तर रीतसर परवानगी काढूनच, असं मी ठरवलं आणि तिथेच फसलो.

२००९ चा फेब्रुवारी, मंदीचे दिवस. दुबईत रोज कुणीतरी ‘कॅन्सल’ होत होतं. म्हणजे नोकरी खलास, व्हिसा रद्द, महिन्याभरात गाशा गुंडाळून देश सोडा. शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हा शब्द लोक आवाज खाली आणून उच्चारत. शुभ्रा तर माझा फोन वाजला तरी दचकायची. म्हटलं, बायकोला जरा मोकळ्या हवेत न्यावं. जवळच्याच एका बेटावरच्या पब्लिक पार्कमध्ये, समुद्राकाठी, तंबूत.

“परमिट कशाला?” शेजारचे मुश्ताकचाचा म्हणाले. मूळचे रत्नागिरीचे, पण आयुष्य इथेच गेलेलं. “वाळवंटात गाडी घालायची, तंबू ठोकायचा. यल्ला, चला!”

“चाचा, जागा सार्वजनिक आहे म्हणूनच नियम पाळायचा!” (माझं नाव सिद्धांत. दोष आईबाबांचा.)

खूप ‘उद्या, इन्शाल्ला’ ऐकल्यावर परमिट मिळालं. आणि गुरुवारी दुपारी ऑफिसात फोन आला: धुळीचं वादळ येतंय, सगळी परमिटं रद्द. मी तडक घरी फोन लावला.

“शुभ्रा, कॅन्सल झालं.”

“काय?” तिचा आवाज एकदम बारीक. “किती दिवस दिले?”

“दिवस कसले? फोन केला, सांगितलं, खलास!”

“आणि तू गप्प बसलास?”

“छे! चांगलं सुनावलं. घरी येऊन बोलतो.”

घरी आलो तर दार उघडं. मुश्ताकचाचा सोफ्यावर मान खाली घालून. त्यांच्या पत्नी मरियमबींनी बिर्याणीचं पातेलं आणलेलं. शुभ्राचे डोळे सुजलेले. तिने इचलकरंजीला फोन करून माझ्या सासऱ्यांकरवी मला एका प्लायवुडच्या दुकानात चिकटवूनही टाकलं होतं!

चाचांनी मला मिठी मारली. “बेटा, रोजी देणारा वर बसलाय.”

“एवढं काय त्यात? पुढच्या शुक्रवारचं पुन्हा परमिट काढू!”

चाचांची मिठी सुटली.

“म्हणजे... तंबू कॅन्सल झाला?” शुभ्राने विचारलं.

“मग दुसरं काय?”

आधी माझ्या अंगावर उशी आली. मग शुभ्रा हसली, रडली, पुन्हा हसली. शेवटी आम्ही हॉलमध्येच तंबू उभारला आणि आत बसून बिर्याणी खाल्ली. चाचा वाकून म्हणाले, “परमिट आहे ना?”

शेवटचा घास घेताना शुभ्रा पुटपुटली, “अरे, मी तुझ्या बॉसनाही फोन केला. खूप रडले.”

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडताच बॉसनी आत बोलावलं. “तुझी मिसेस फार रडली रे. मी शब्द दिला तिला, सिद्धांतला काढणार नाही.”

इतका मोकळा श्वास मी कित्येक महिन्यांत घेतला नव्हता. “थँक यू सर! माझ्या कामाची कदर...”

“काम होय?” बॉसनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं. “शब्द देऊन बसलो, मग एचआरला विचारलं, हा सिद्धांत कोण?”