वन्संनी विमा परत केला

आमच्या वन्सं फुकट मिळालेली कोथिंबीर परत करतात. येरमाळ्याच्या बाजारात भाजीवाली पिशवीत वरून चार काड्या टाकते. वन्सं पिशवीत हात घालून त्या चार काड्या शोधतात, तिच्या टोपलीत ठेवतात आणि विचारतात, "मी मागितली व्हती का?" भाजीवाली नवी असली तर घाबरते. जुनी असली तर टाकतच नाही.

नाव प्रयागबाई. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून गाव त्यांना सिस्टर म्हणतं. मी वन्सं म्हणते, कारण सासूनं तसं शिकवलं होतं आणि शिकवलेलं मोडायची अक्कल मला तेव्हा नव्हती. पुढं आली, पण तोवर जिभेला वळण पडलं होतं.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा गावातल्या बायका नसलेली कामं काढून कळंबला हिंडून आल्या. वन्संनी मात्र कंडक्टरपुढं पूर्ण पैसे धरले. तो म्हणाला, मावशी, बाईमाणसाचं अर्धंच घ्यायचंय. या म्हणाल्या, मग उरलेले सरकारला दे. बिचारा कळंब येईपर्यंत ते पैसे मुठीत धरून चोरासारखा उभा होता.

लग्नातही तेच. आमच्या भागात आहेरातला ब्लाउजपीस कुणी शिवत नाही, तो नुसता गावोगाव हिंडतो. या पेटीतून त्या पेटीत, वाशीहून तामलवाडीला, तिथून परत. वन्सं मांडवातच तो यजमानीणबाईच्या हातात देतात. वर म्हणतात, "ठेव गं. दमलाय त्यो."

गावात असंही सांगतात की, तरुणपणी त्यांनी नवराही परत केला. ते मात्र खरं आहे. वडिलांनी न विचारता ठरवलेलं स्थळ. पहिल्या दिवाळीला माहेरी आल्या त्या ट्रंक घेऊनच, आणि मग नर्सिंग शिकायला गेल्या. नवऱ्यात काही खोट नव्हती, असं त्या स्वतःच सांगतात. मागितला नव्हता, एवढंच.

आणि मी? मी सगळ्या गोष्टी घेणारी. सून होऊन आले तेव्हा दारावर आलेल्या विक्रेत्याला 'नको' म्हणणं मला देव्हाऱ्याला पाय लावल्यासारखं वाटायचं. धुण्याच्या पावडरीवर प्लास्टिकची वाटी फुकट म्हणून मी इतकी पावडर घेतली की घरातली धुणी संपली, पावडर उरली. माहेरी पत्र धाडलं की, माझ्या हुशारीनं इथं वाट्याच वाट्या झाल्यात. एक दिवस वन्संनी त्यातल्या निम्म्या वाट्या दवाखान्यात नेल्या. मी खूश. पेशंटला त्यातून पेज देत असतील, असं मनाशी ठरवून टाकलं. लघवी तपासायला नेल्या होत्या, हे कळल्यावर उरलेल्या निम्म्या वाट्यांत आमटी वाढताना मी आधी वाटी हुंगून बघायला लागले.

तर अशा वन्संना बँकेनं न मागता विमा दिला.

झालं असं. अंगणापलीकडं त्यांच्या दोन खोल्या आहेत, तेव्हा पत्र्याच्या, दारं धड न लागणाऱ्या. पत्रे काढून स्लॅब टाकायचं त्यांच्या मनानं घेतलं. माझा मुलगा म्हणाला, आत्या, मी देतो पैसे. त्यावर त्यांनी काय विचारलं असेल ते आता तुम्हालाही सांगता येईल. त्यांनी कळंबच्या बँकेतून पेन्शनवर कर्ज काढलं. स्लॅब पडला, गिलावा झाला, चौकटी बसल्या आणि दारं-खिडक्यांच्या वेळी पैसे संपले. वन्संचा हिशोब चुकत नाही. त्या थेट शाखेत गेल्या. बरोबर मी, पिशवी धरायला.

तिथल्या साहेबांनी गोड आवाजात समजावलं. कर्जाबरोबर कर्जसुरक्षा विमा काढलाय. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर राहिलेलं कर्ज कंपनी फेडते. त्याचे सगळे पैसे कर्जाच्या रकमेतूनच एकदम भरलेत.

"म्हंजी त्या पैशावरबी व्याज मीच भरायचं?"

साहेब म्हणाले, कर्जातच धरलंय ना, मावशी.

"मरायचं मी, आन् व्याजबी मीच द्यायचं," वन्सं माझ्याकडं वळून म्हणाल्या. "इमल, असला दवाखाना असता तर लोकांनी जाळला असता."

माझं नाव विमल. वन्संनी त्यातला 'व' पहिल्या दिवशीच काढून घेतला, तो अजून परत केलेला नाही.

साहेब म्हणाले, विमा सक्तीचा असतो. वन्संनी पिशवीतून कोरा कागद काढून पुढं सरकवला. "केसपेपरवर लिहा." ही त्यांची जुनी सवय. डॉक्टर असो, सरपंच असो की माझा मुलगा, तोंडी सांगितलेलं त्यांच्या कानात शिरत नाही. विमा सक्तीचा आहे हे लिहून सही करायला मात्र तिथं कुणाचंच पेन चालेना. विम्याच्या अर्जावर सही तुमचीच आहे, असं साहेबांनी दाखवून दिलं. ती होती. सह्या करायचा गठ्ठा पुढं आला तेव्हा खुणा केलेल्या जागी वन्संनी सह्या केल्या होत्या. त्यांच्या आयुष्यात न वाचता झालेली ती एकमेव गोष्ट असावी. त्या दिवशी त्या घरी येऊन जेवल्या नाहीत.

मग टपालानं विम्याचा कागद आला. वन्सं अंगणात उन्हाला बसल्या आणि औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचावी तशी भिंगातून अक्षर न् अक्षर वाचत गेल्या. एका जागी भिंग थांबलं. विमा पटला नाही, तर कागद मिळाल्यापासून ठराविक दिवसांत तो परत करून पैसे मागता येतात, असं तिथं होतं.

"परत करता येतंय, इमल. छापलंय त्यांनी."

त्यांचा चेहरा मी क्वचितच तसा पाहिलाय. जन्मभराच्या खोडीला कुणीतरी शिक्का मारून मान्यता दिली होती.

पण परत घेणारा भेटायला हवा. कंपनीच्या फोनवर आधी यंत्र बोललं. वन्संनी त्यालाही दटावलं. मग एक पोरगी बोलली, ती म्हणाली, शाखेत अर्ज द्या. शाखा म्हणाली, हे कंपनीकडं असतं. कंपनी म्हणाली, शाखा. बँकेतला माणूस जेवायला गेलेला, मग रजेवर, मग त्याची बदली. आम्ही येरमाळा-कळंब इतक्या वेळा केलं की रसवंतीवाला आम्हाला बघून आपोआप बर्फ फोडायला लागला. वन्सं बिनबर्फाचा पितात, ते तो दरवेळी विसरायचा.

मुदत संपत आली. घराला दारं नव्हती, ताडपत्री लावली होती. माझा मुलगा हळूच म्हणाला, आत्या, सोडून द्या, दारं मी करतो. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून, अर्जाच्या दोन प्रती घेऊन वन्सं निघाल्या, म्हणून मीही निघाले.

शाखेत पाऊल टाकतो तोच मोठे साहेब उठून उभे राहिले. खुर्ची दिली. शिपायानं ट्रे आणला. त्यात शाल आणि नारळ. आपल्याकडं एखाद्याला मान देऊन गप्प करायची ही रीत फार जुनी आहे, आणि सहसा ती चालते. साहेबांनी चार शब्द बोलून घेतले. ज्येष्ठ ग्राहक, आरोग्यसेवा, मातेसमान. शाल पांघरली, नारळ दिला, कुणीतरी फोटो काढला. खरं सांगते, मला भरून आलं. मी असते तर शालीसकट घरी येऊन गल्लीभर दाखवत हिंडले असते आणि विमा विसरले असते. लग्न झालं तेव्हाची मी तर वर अजून एक विमा घेऊन आले असते, वाटी मिळतीय का ते विचारून.

वन्संनी शाल काढली. नीट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. टेबलावर ठेवली. तिच्यावर नारळ आणि नारळाला टेकवून अर्ज.

"ह्ये मी मागितलं नव्हतं," त्या शाल-नारळाकडं बोट करून म्हणाल्या. "मागितलंय ते ह्ये. पोच द्या."

शाखेत रांग होती, ती सगळी आमच्याकडं तोंड करून उभी राहिली. साहेब खाली बसले. माणूस वाईट नव्हता. आवाज उतरवून, अगदी कळकळीनं म्हणाले, "मावशी, रागावू नका. तुम्हाला मूलबाळ नाही. उद्या तुमच्या मागं हे कर्ज कोण फेडणार? तुमच्या मागं कुणी आहे का? म्हणून आम्हीच विचार केला."

वन्सं टेबलाची कड बघत राहिल्या. मला वाटलं, आता 'मी मागितलं व्हतं का' येईल. आलं नाही. मग त्यांनी माझ्याकडं न बघता नुसतं माझ्या दिशेनं बोट केलं.

"ही हाय."

साहेबांनी मला विचारलं, आजी, तुम्ही फेडाल का? मी पिशवी खाली ठेवली. या प्रश्नाचं उत्तर पिशवी धरून देता येत नाही. म्हटलं, "फेडीन की. आमच्या वन्संचं नाव थकबाकीत लागलेलं मला चालायचं न्हाई. तुम्ही शिक्का मारा."

साहेबांनी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. एक प्रत वन्संनी घेतली, शिक्क्यावरची तारीख वाचली आणि पदराच्या टोकानं शाई टिपून कागद पिशवीत ठेवला.

येताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या. एरवी रस्त्यातल्या प्रत्येक गावात कुणाला कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते सांगतात. त्या दिवशी गावं नुसतीच गेली.

पुढं थोडी कापाकापी होऊन पैसे खात्यात जमा झाले. कापाकापी कशाची, ते वन्संनी केसपेपरवर मागवलंय. सुतार आला, दारं-खिडक्या बसल्या. सागवानी नाहीत, पण आतून घट्ट कडी लागते. वन्संनी ती आम्हा सगळ्यांना लावून दाखवली. माझ्या मुलानं एकदा बाहेरून ढकलून बघितलं आणि, आत्या, भक्कम आहे, असं मान्य केलं. त्या रात्री त्या पहिल्यांदा दार लावून झोपल्या.

सकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. डोळे तांबारलेले.

"झोप न्हाई लागली व्हय?" मी विचारलं.

"दार चांगलं हाय," त्या म्हणाल्या. तव्याकडं बघत होत्या. "पर लावलं की तुमचं काईच ऐकू येत न्हाई. तू भांडी आपटतीस, पोरं भांडत्यात, तुझी सून कुकर लावती. इतकी वर्षं ऐकत ऐकतच झोपायची सवय. काल आत नुसतं गप्प."

मी म्हटलं, मग ठेवा की उघडं.

"उघडं कशापायी? एवढं भांडून आणलंय." जायला वळत त्या म्हणाल्या, "तूच जरा मोठ्यानं बोलत जा."