भासरे पोकर शिकतात

माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझ्याशी बोलायचं ते शेळीला सांगतात. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. आता कोणी एवढं पाळत नाही. भासरे पाळतात. अंगणात शेळीची पाठ थोपटत म्हणतात, "काय वं, आज भाजीत मीठ नव्हतं काय?" मी मिठाची वाटी उंबऱ्यावर ठेवते. शेळी रवंथ करत राहते.

जाऊबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच जेवतात. मुलगा एकच, प्रवीण. बोंडअळीनं बीटी कपाशीही पोखरली, त्या वर्षी तो म्हणाला, आता सोयाबीन पेरू. भासरे म्हणाले, कपाशीच. दोघंही हट्टी. प्रवीण पुण्याला कंपनीत लागला. तेव्हापासून त्याचा फोन म्हणजे, "बरा हाय. ठेवतो."

दिवाळीला आला तेव्हाही मोबाइलमध्येच डोकं. पत्त्यांचा खेळ, पोकर. खोट्या चकत्यांचा, पैसे नाहीत. भासऱ्यांनी मागून डोकावून त्याचं खेळातलं नाव वाचलं. 'कपाशीवाला'.

"कपाशी सोडली म्हने, अन् नाव पाह्य!" ते शेळीला म्हणाले. पण दिवसभर खुशीत होते.

प्रवीण गेला आणि भासऱ्यांनी पोकर शिकायचं ठरवलं. म्हणजे आधी कोणता शिकायचा ते ठरवायला घेतलं. बियाणं निवडताना करतात तसा घोळ. रोज दुपारी शेळीपुढे चर्चा.

"टूर्नामेंट नाही जमत वं. हरला की बाहेर. अन् कोनाच्या टेबलावर बसवतीन ते आपल्या हाती नाही."

मग, "सिट अँड गो म्हनून हाय एक. खुर्च्या भरल्या की सुरू. पन संगं कोन येईन, काय भरोसा?"

आणखी एक झटपटचा प्रकार निघाला. त्यावर तर ते चिडलेच. "पत्ते टाकले की लगेच नवं टेबल, नवे लोक. असं काऊन? हे खेळनं हाय की बाजार?"

शेवटी कॅश टेबल पसंत पडलं. नाव कॅश, चकत्या खोट्याच. तिथं हवा तो माणूस शोधून त्याच्या टेबलावर रिकामी खुर्ची धरता येते. वाटेल तितका वेळ बसता येतं. मोबाइलनं नाव विचारलं, तर भासऱ्यांनी आधी नमस्कार म्हणून 'राम राम' लिहिलं. तेच नाव पडलं.

रोज 'कपाशीवाल्या'च्या टेबलावर जाऊन बसतात, पण खेळात अगदीच कच्चे. प्रवीणनं चकत्या लावल्या की तीन एक्के जुळले तरी टाकून देतात. "पोराच्या ताटातलं काय ओढाचं?"

एका दुपारी मात्र चष्मा सावरत पळतच अंगणात आले. हे विळ्याला धार लावत होते.

"बोलला! प्रवीण मले बोलला!"

मोबाइलवर प्रवीणनं लिहिलेलं होतं, "ओ राम राम, झोपले काय बे? खेळा ना लवकर."

हे हसले. "दादा, मंग सांग ना त्याले, तू कोन हाय ते."

भासऱ्यांनी मान हलवली. "नको. बापासंगं तो 'बरा हाय' म्हनून ठेवते. राम रामसंगं बोलला."

पुढचा डाव वाटला गेला. चाल त्यांची होती. पडद्यावर वेळेची पट्टी कमी कमी होत चालली, तरी भासरे खेळेनात. प्रवीणनं पुन्हा एकदा ओरडावं, म्हणून वाट पाहत बसले.